पिशवीतला निळा रंग

बाळाचं रडणं कानावर पडलं आणि विद्याश्रीनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. मुलगी झाली होती. नर्सनं तिचा ओलसर गाल विद्याश्रीच्या गालाला क्षणभर टेकवला आणि वजन करायला घेऊन गेली. पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे छातीखालचं अंग तिला कळत नव्हतं, डोकं मात्र लख्ख जागं होतं. तोंडासमोर हिरवा पडदा बांधला होता. पलीकडे डॉक्टर सहना आणि त्यांच्या मदतनीस डॉक्टरांचे हात चालले होते. हातांबरोबर कुणाच्या तरी नव्या घराच्या गप्पाही चालल्या होत्या.

त्या गप्पा मधेच तुटल्या.

"थांब," डॉक्टर सहना कानडीत म्हणाल्या. "त्या पिशवीचा रंग बघ."

"किंचित गुलाबी आहे, मॅडम. नळी घालताना लागलं असेल. होतं कधीकधी."

"असेल. तरी मला बघायचंय. निळं मागव."

यापुढचं बोलणं इतकं हळू झालं की विद्याश्रीला तुकडेच ऐकू यायला लागले. भर. अजून भर. हं, तिथं बघ. उशाशी भूल देणारे डॉक्टर विजयेंद्र बसले होते. ते एकाएकी वाकून तिला विचारू लागले, मुलीचं नाव काय ठरवलंय, मोठा मुलगा कितवीत आहे. तासभर त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"काय झालं, डॉक्टर?" तिनं विचारलं.

"काही नाही मा. टाके घालतायत."

पण टाके घालणाऱ्या डॉक्टर सहना तर "नवरा बाहेर आहे ना? मी बोलून येते" असं म्हणत दाराकडे निघाल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा मागोमाग आणखी एक पुरुष डॉक्टर आत आला. जाडसर आवाजाचा. कुणी त्याची ओळख करून दिली नाही. बऱ्याच वेळानं तो एवढंच म्हणाला, "दोन्ही नळ्या बघितल्या ना? हं. हे बांधून घ्या."

दोन्ही नळ्या. बांधून घ्या. विद्याश्रीनं ते शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितले.

शंका घेणं हे तिचं रोजचं काम होतं. ती एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायची. बन्नीमंटपच्या गॅरेजांतून फिरायची, चेपलेले दरवाजे आणि फुटलेले दिवे बघायची आणि गाडीवाल्यांच्या हकिकती ऐकून घ्यायची. कुत्रं आडवं आलं म्हणणाऱ्याच्या गाडीला मागून मार कसा लागला, हे ती शांतपणे विचारायची. खोटं बोलणारा माणूस घाईत असतो, प्रश्न पुरा व्हायच्या आधी त्याचं उत्तर तयार असतं, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगात मुरलं होतं. ऑफिसातल्या त्या नजरेनं घरच्यांकडे बघायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

खोलीत आणल्यावर ग्लानी उतरली तेव्हा संध्याकाळचं ऊन पलंगावर पडलं होतं. सासूबाई कमलाक्षी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरा, किरणकुमार, खिडकीशी उभा होता. विद्याश्रीनं मान वळवली तर पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली दिसली. तिच्यातलं पाणी निळसर होतं. कपडे पांढरे करायची नीळ बादलीत टाकल्यावर दिसतं तसं.

"हे निळं कशानं?" ती म्हणाली.

"औषधाचा रंग आहे," किरणकुमार म्हणाला. "उद्यापर्यंत जाईल."

तो खिडकीबाहेर बघत होता. पिशवीकडे त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

कमलाक्षी वाकून बघायला लागल्या. "अय्यो, खरंच की. माझ्या सासऱ्यांच्या भट्टीत असंच पाणी असायचं गं, साड्या रंगवायचे तेव्हा. औषधच असल, अल्वा, हो ना रे किरण? तू सुम्ने पड, गप पडून राहा, अंग हलवू नको."

विद्याश्री पडून राहिली, पण मन काही पडून राहीना. पाच वर्षांपूर्वी भुवन झाला तेव्हाही पोट कापूनच झाला होता. तेव्हा पिशवीत निळं काही नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नळी काढून तिला चालवलं होतं.

या वेळी सकाळ झाली, पाणी निळ्याचं फिकट हिरवं झालं, तरी नळी तशीच राहिली.

"ही कधी काढणार?" तिनं नर्सला विचारलं.

"डॉक्टर सांगतील, मॅडम."

"मागच्या वेळी लगेच काढली होती."

"डॉक्टरांना विचारा, मॅडम," असं म्हणून नर्स ट्रे उचलून निघून गेली.

डॉक्टर आल्या तेव्हा किरणकुमार खोलीतच होता. डॉक्टर सहना चाळिशीच्या, सडपातळ, भरभर बोलणाऱ्या बाई. त्यांनी पोटाची पट्टी बघितली, रक्तदाब बघितला. विद्याश्रीनं निळ्या रंगाचं विचारलं तेव्हा मात्र त्यांची नजर आधी किरणकुमारकडे गेली.

"आपण नीट बोलू," त्या म्हणाल्या. "आज विश्रांती घ्या. रक्तदाब जरा वर आहे."

ती एक नजर विद्याश्रीला पुरली. दोघांना काहीतरी ठाऊक होतं आणि ते तिच्यापासून लपवत होते.

मग तिला आठव्या महिन्यातलं ते जेवण आठवलं. कुवेंपुनगरच्या घरात सगळे पानावर बसले असताना कमलाक्षी सहज म्हणाल्या होत्या, "पोट उघडतायतच, तर तेही करून घे की गं. दोन पुरे." विद्याश्रीनं घास खाली ठेवला होता. पुढं कधी तिसरं हवं की नको, हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण ते ठरवणारी ती होती. "माझ्या अंगाचं मी बघीन, अत्ते," ती म्हणाली होती. कमलाक्षींनी मुलाकडे बघितलं होतं. किरणकुमारनं ताटातल्या भातावर सार ओढून घेतलं होतं, आणि हात धुताना तो पुटपुटला होता, "आई म्हणते त्यात चूक काय आहे."

तेव्हा ते बोलणं तिथंच मिटलं होतं. आता ते वाक्य एखाद्या साक्षीदारासारखं पुढं येऊन उभं राहिलं. डॉक्टर ऑपरेशन सोडून बाहेर गेल्या, त्या नवऱ्याशी बोलायला. परत आल्यावर नळ्यांचं बोलणं निघालं. बांधून घ्या, असं कुणीतरी म्हणालं. आणि आता नवरा तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. गॅरेजमध्ये यापेक्षा कमी पुराव्यावर तिनं दावे फेटाळले होते.

दुपारी कमलाक्षी भुवनला शाळेतून आणायला गेल्यावर तिनं नवऱ्याला सापळा लावला.

"काल तो जाड्या आवाजाचा डॉक्टर आला होता, त्याचे आभार मानायचे राहिले. नाव काय त्याचं?"

"किडनीचे ना? नाव नाही विचारलं मी," किरणकुमार म्हणाला आणि लगेच थांबला.

"किडनीचा डॉक्टर बाळंतपणाला कशाला आला?"

"येतात. सगळ्या ऑपरेशनना येतात."

"सगळ्या?"

"विद्या, तू झोप बघू जरा. बीपी वाढेल."

तो बाळाचं दुपटं उलगडून पुन्हा घडी घालत बसला. किरणकुमारचा धंदा लग्नपत्रिका छापायचा. प्रेसमध्ये अक्षर केसभर सरकलं तरी त्याला दिसायचं, आणि दुपट्याची घडी चार वेळा वाकडी पडली तरी त्याच्या ध्यानात येत नव्हतं. या माणसाला लपवता येत नाही, एवढं तरी तिला ठाऊक होतं. पण काय लपवतोय, तेही आपल्याला ठाऊक आहे, असं ती धरून चालली होती. किडनीचा डॉक्टर हे नुसतं पांघरूण, असं तिनं ठरवून टाकलं. बाळ रडलं, तिनं त्याला जवळ घेतलं, आणि त्याला पाजताना तिच्या मनात आलं की हे आपलं शेवटचं बाळ, आणि ते शेवटचं आहे हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलंय. तिचे डोळे भरून आले. किरणकुमारनं विचारलं, दुखतंय का? ती भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येण्याच्या सुमाराला तिनं नवऱ्याला कॉफी आणायला पाठवलं. "इथली नको. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली आणा." तो गेला, आणि डॉक्टर सहना आत येताच तिनं म्हटलं, "मॅडम, दार लावून घ्या."

डॉक्टरांनी दार लावलं.

"माझ्या नळ्या बांधल्यात का?"

"काय?"

"मुलं होऊ नयेत म्हणून. मी नको म्हटलं होतं. तुम्ही बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याशी बोललात, मग बांधलंत. मी सगळं ऐकलंय. मी जागी होते."

डॉक्टर सहनांनी स्टूल ओढलं आणि त्या पलंगाशी बसल्या.

"त्या नळ्यांना मी हातही लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला असं वाटतंय हे मला कळलं असतं तर कालच सांगितलं असतं. ऐका. मागच्या ऑपरेशननंतर तुमचं मूत्राशय गर्भाशयाला चिकटून बसलं होतं. ते सोडवून खाली सरकवल्याशिवाय बाळ काढता येत नाही. सोडवताना त्याला भोक पडलं. माझ्या हातून."

विद्याश्रीला शब्द कळले, अर्थ लागायला वेळ लागला. घरच्या मराठीत या अवयवाला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. "लघवीची पिशवी?" तिनं विचारलं.

"तीच. आतली. भोक नखाएवढंच होतं. रक्तात ते डोळ्यांनी दिसत नाही. पण नळीतून येणारी लघवी जरा गुलाबी दिसली आणि माझ्या मनातून ते जाईना. म्हणून नळीतून निळं पाणी उलट आत भरलं. पिशवी धड असेल तर पाणी आतच राहतं. फाटली असेल तर निळा थेंब बाहेर दिसतो. आम्हाला मागच्या बाजूला दिसला. तिथं दोन थरांत टाके घातले, पुन्हा भरून बघितलं. तेव्हा कोरडं होतं."

"आणि दोन्ही नळ्या म्हणाले ते?"

"किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या. त्या पिशवीच्या मागंच असतात. आमच्या टाक्यात अडकल्या तर किडनी बिघडते. त्या मोकळ्या आहेत ना, हे त्यांनी बघितलं. बांधून घ्या म्हणाले ते टाक्याच्या दोऱ्याला."

गोष्ट सरळ होती. सरळ गोष्टींचा तिला जास्त संशय यायचा, म्हणून तिनं ती उलटीकडून तपासली. "न बघता तुम्ही पोट शिवलं असतं तर?"

"तर आठवड्याभरात पोट फुगलं असतं. ताप आला असता. पुन्हा उघडावं लागलं असतं." डॉक्टरांनी पिशवीची नळी सरळ केली. "शिवून टाकावं असं वाटतं त्या वेळी, खोटं नाही सांगत. बाळ नीट, आई नीट, सगळे दमलेले असतात."

"मग मला का नाही सांगितलं? ज्याच्या पोटात काही नव्हतं त्याला बाहेर जाऊन सांगितलंत. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते."

डॉक्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"टेबलावर तुम्ही घाबराल असं वाटलं," त्या म्हणाल्या. "आणि नंतर तुमच्या मिस्टरांनी हात जोडले. म्हणाले, बीपी उतरू दे, मीच सांगतो. मी मान्य केलं. करायला नको होतं."

"आता तुम्ही म्हणता ते खरं कशावरून?"

"माझ्या शब्दावर जाऊ नका. आतली पिशवी भरून टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ही नळी दोन आठवडे राहील. मग रंगाचं औषध भरून एक्स-रे काढू. पडद्यावर तुम्ही स्वतः बघा."

त्या गेल्यावर किरणकुमार कॉफीचा फ्लास्क घेऊन आला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण तो फ्लास्क हातात धरूनच उभा राहिला.

"डॉक्टरांनी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगणार होतात?"

"तू विचारल्यावर."

"मी तीनदा विचारलं."

तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. "तुला भुवनच्या वेळच्या डॉक्टरांकडेच जायचं होतं. मी म्हटलं जयलक्ष्मीपुरमचं हे बरं, प्रेसपासून जवळ पडतं. मीच इथं आणलं तुला. त्या बाहेर येऊन म्हणाल्या असं असं झालंय. मला वाटलं तू म्हणशील, तुमच्या सोयीपायी माझं हे झालं."

"म्हटलंही असतं."

"म्हणूनच."

"आणि मी काय समजून बसले होते ठाऊक आहे?" ती सांगणार नव्हती, पण तोंडून निघून गेलं. "मला वाटलं तुम्ही माझं ऑपरेशन करून घेतलंत. मुलं बंद करायचं. मला न विचारता."

किरणकुमारनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला तिला दिसला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी असं करीन असं वाटलं तुला?"

"तुम्ही म्हणाला होतात, आई म्हणते त्यात चूक काय."

"जेवताना बोललो ते. पानावर वाद नको म्हणून."

"मला कसं कळणार कुठलं बोलणं कशासाठी ते? तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. लपवणारा माणूस जसा वागतो तसेच वागत होतात."

"लपवतच होतो," तो म्हणाला. "पण ते नव्हतो लपवत."

कॉफी फ्लास्कात तशीच राहिली.

घरी गेल्यावर कमलाक्षींना सगळं सांगणं भाग होतं, कारण नळी आणि पिशवी बरोबर आली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलानं आपल्यालाही सांगितलं नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. विद्याश्रीनं आपल्या संशयाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण किरणकुमारनं आईला तेही सांगितलं असावं. कारण एके सकाळी बाळाला तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, "तेव्हा मी बोलले, म्हणून तुझ्या डोक्यात तसं आलं, अल्वा?"

"हो, अत्ते."

त्यांनी बाळाचे पाय सरळ केले. "पुन्हा नाही बोलणार," एवढंच म्हणाल्या.

बारशाला विद्याश्री पायघोळ झग्यात बसली. पिशवी झग्याच्या आत, मांडीशी पट्ट्यानं बांधलेली. वडील, सुब्बराव, सोसल्याहून आले होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं, डॉक्टरवर तक्रार करूया, मी बघतो ओळखीचा वकील.

"त्यांनी फाडलं, अप्पा," ती म्हणाली, "आणि त्यांनीच शोधलं. नसतं शोधलं तर मी आज इथं बसले नसते. तक्रार करायचीच तर मला न सांगितल्याची करीन. ती मी त्यांच्या तोंडावर केली आहे."

सुब्बरावांना फारसं पटल्यासारखं दिसलं नाही. खरं म्हणजे तिलाही पुरतं पटलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं जुळत होतं, पण जुळणाऱ्या हकिकती तिनं आयुष्यात पुष्कळ ऐकल्या होत्या. कूस बदलताना ओटीपोटात कळ आली की तिला वाटायचं, टाका उसवला. रोज सकाळी उठल्याबरोबर ती पिशवीतला रंग उजेडात धरून बघायची. तो पिवळाच असायचा, तरी बघायची. किरणकुमार आता तिला बारीकसारीक सगळं सांगत होता. प्रेसमध्ये कोण आलं, दुधाचं पाकीट कसं फुटलं, फोन कुणाचा होता. आरंभी तिला त्याचा कंटाळा आला. मग तिच्या ध्यानात आलं की ती त्यातल्या प्रत्येक गोष्टीत फट शोधतेय आणि सापडत नाहीये. तो एकदा प्रेसवरून उशिरा आला तेव्हा, कुठं होतात, असं तिनं ज्या आवाजात विचारलं तो आवाज तिला स्वतःलाच आवडला नाही.

एक्स-रेच्या दिवशी तिला पातळ झगा घालून टेबलावर झोपवलं. नळीतून औषध आत जायला लागलं, ओटीपोट ताठ भरल्यासारखं झालं. या कुशीवर वळा, त्या कुशीवर वळा, असं करत एक्स-रे काढणाऱ्यानं फोटो काढले. तिनं विचारलं, गळतंय का? तो म्हणाला, डॉक्टर सांगतील. पुन्हा तेच वाक्य. ती डोळे मिटून पडून राहिली.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर डॉक्टर सहनांचा आवाज आला. "किरणकुमार, फोटो बघितले मी—"

"मॅडम, ती आत आहे," किरणकुमार म्हणाला. "तिलाच सांगा. मी नंतर ऐकतो."

चपलांचा आवाज दाराकडे वळला. डॉक्टर आत आल्या, एकट्याच. त्यांनी पडदा तिच्या बाजूला वळवला. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा गोल होता, भरलेल्या फुग्यासारखा, कडा गुळगुळीत.

"कुठं बाहेर सांडलंय का, तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "नाही. भरून आलंय. आत्ताच नळी काढू."

विद्याश्रीनं कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि त्या गोलाची कड नजरेनं पुरी फिरून बघितली.

"मागच्या बाजूचा फोटो दाखवा," ती म्हणाली. "जिथं फाटलं होतं तिथला."

डॉक्टर सहना हसल्या नाहीत. त्यांनी तो फोटो काढला, पडद्यावर मोठा केला, आणि टाक्याची जागा बोटानं दाखवली. विद्याश्रीनं पुष्कळ वेळ बघितलं. मग तिनं दाराकडे मान वळवून हाक मारली.

"अहो, आत या. तुम्हीही बघा."